आधी मोजा, मग बोला

इन्सुलिनपेक्षा साखर मोजायची पट्टी महाग पडते. हे मी भेटेल त्याला ऐकवते, कारण टाइप वन मधुमेहावर तासभर बोलणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. हिशेब करा. साध्या ह्यूमन इन्सुलिनची दहा मिलिलिटरची बाटली, म्हणजे ४०० युनिट, सरकारने किंमत बांधून दिल्यामुळे दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. दिवसाला ४० युनिट लागणाऱ्या माणसाला ती दहा दिवस जाते. रोजचे झाले पंधरा रुपये. एक पट्टी पंधरा ते वीस रुपयांना. दिवसातून चारदा मोजायचं तर साठ ते ऐंशी रुपये. औषधाच्या चौपट खर्च नुसत्या मोजण्याचा! पेन किंवा नव्या प्रकारचं इन्सुलिन घेणाऱ्याचा औषधाचा खर्च वाढतो, पण पट्टीचा काही कमी होत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या आमच्या बेटेगावात एमआयडीसीच्या कंत्राटी कामगाराच्या घरात हे पैसे कुठून येणार? मग पट्टीवरच कात्री चालते. इन्सुलिन सोडून चालत नाही हे दोन दिवसांत कळतं, मोजणं सोडलं तर महिनोन्‌महिने काही कळत नाही. आधी दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा, मग ‘बरं नसेल तेव्हा’. इन्सुलिन मात्र रोज ठरलेलं तेवढंच, ताटात काय आहे आणि रक्तात काय आहे ते न बघता. रात्री बोईसर-चिल्हार रस्त्यावर दिवे बंद करून गाडी हाणण्यातला हा प्रकार आहे. डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांचं बिल दहा-पंधरा वर्षांनी येतं आणि ते पट्ट्यांच्या कितीतरी पट असतं.

म्हणून सरकारी दवाखान्यात इन्सुलिन मोफत मिळतं असं कोणी अभिमानाने सांगितलं की माझा एकच प्रश्न असतो: पट्ट्यांचं काय?

हा आजार मला शाळेत असताना लागला, तेव्हापासून तो माझ्याबरोबर आहे. त्यामुळे थोडं सरळ सांगते. टाइप वन गोड खाल्ल्याने होत नाही. आईच्या लाडाने होत नाही, नजर लागून होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या मारून टाकते. मग बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. काकांना गोळीने बरं वाटतं, शेजारच्या भाऊंची साखर चालून उतरली, ते सगळं टाइप टूचं. चालणं मलाही चांगलंच आहे, पण चालण्याने मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी हे निदान म्हणजे मरणाचा निरोप होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. तो अर्क अशुद्ध होता, लागू पडला नाही. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस बसून तो शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि पोरगा उठून बसला. पुढे तो तेरा वर्षं जगला. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि बेस्टचं नाव सगळे घेतात, कॉलिपचं कमी घेतात. तारापूरच्या एमआयडीसी पट्ट्यात प्रयोगशाळेत उभं राहून अशुद्ध माल शुद्ध करणारी जी शेकडो पोरं-पोरी आहेत त्यांना मी मुद्दाम कॉलिपची गोष्ट सांगते. संशोधकांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध शोधणाऱ्यांनी नफ्याचा विचार केला नाही, आणि आज त्या औषधाची मात्रा ठरवायला लागणारी पट्टी गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

मोजण्याची गोष्ट तर इन्सुलिनपेक्षाही जास्त लोकांना माहीत असायला हवी. पूर्वी घरी रक्त तपासायची सोयच नव्हती. लघवी तपासायची. बेनेडिक्टचं निळं द्रावण परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं तर थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की खूप. पण लघवीत साखर उतरते ती रक्तात मर्यादेबाहेर चढून गेल्यावर, आणि रक्तातली साखर धोकादायक उतरली तर ही नळी काहीच सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तेवढ्यावर जगले.

१९६९ साली अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टाइन नावाचा एक इंजिनिअर होता. बारा वर्षांचा असल्यापासून टाइप वन, पस्तिशीतच शरीर खचलेलं. त्याला एका जाहिरातीत रक्तातली साखर मोजणारं यंत्र दिसलं. ते फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना विकत असत, रुग्णाने स्वतः मोजावं ही कल्पनाच वैद्यकाला मान्य नव्हती. त्याची बायको डॉक्टर होती. तिच्या नावावर यंत्र मागवलं आणि त्याने दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासायला सुरुवात केली. कशाने चढते, कशाने उतरते, हे आकड्यांत दिसायला लागल्यावर त्याने इन्सुलिन आणि खाणं त्याप्रमाणे बदललं आणि तब्येत सुधारली. डॉक्टर त्याचं ऐकेनात, तर चाळिशी उलटल्यावर तो स्वतः डॉक्टर झाला. २०२५ मध्ये वारला तेव्हा नव्वदीचा होता. त्याचा आहार फार कडक होता, तो सगळ्यांना झेपणार नाही आणि त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण यंत्र रुग्णाच्या हातात असलं पाहिजे हा त्याचा हट्ट खरा ठरला.

नंतर शास्त्राने ते सिद्धही केलं. अमेरिका आणि कॅनडात १४४१ टाइप वन रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९३ मध्ये आला. वारंवार मोजून, दिवसातून तीन-चारदा इन्सुलिन घेऊन साखर आटोक्यात ठेवणाऱ्यांत डोळ्यांचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंड आणि नसांचंही नुकसान घटलं. नशीब, कर्म, भोग असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आता बेटेगावातला दिवस. सकाळी बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं. बोटं आळीपाळीने. हात साध्या पाण्याने धुवून पुसायचे, कारण आदल्या मिनिटाला आंबा कापला असेल तर बोटावरचा रस यंत्र रक्तातली साखर म्हणून मोजतं. आकडा आला की इन्सुलिन. पोट आणि मांडी, रोज जागा बदलून. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ धरते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी पडत नाही. डॉक्टर तपासताना हात फिरवून गाठी बघत नसतील तर आपण सांगावं, “डॉक्टर, इथे बघा.”

सुईच्या टोपणाचा रंग हा जिवाशी संबंधित विषय आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १००चं. त्याप्रमाणे सिरिंजही दोन. लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. बोईसर स्टेशनबाहेरच्या गर्दीच्या मेडिकलमध्ये घाईत भलतीच सिरिंज हातात पडू शकते. ४०च्या बाटलीतून १००च्या सिरिंजने ‘वीस’ रेषेपर्यंत ओढलं तर पोटात जातात फक्त आठ युनिट. उलट केलं, १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये वीसपर्यंत ओढलं, तर जातात पन्नास. पन्नास युनिटने माणूस झोपेतच जाऊ शकतो. काउंटरवर उभं राहूनच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा. मागची रांग थांबू दे. दुकानदार दादा चिडले तर चिडू देत.

जेवणाबद्दल मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. “ताई, भात? तुम्हाला चालतो?” चालतो. मोजून चालतो. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्या भाताला मला किती इन्सुलिन लागतं ते मला माहीत आहे, कारण मी जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजलेलं आहे. शंभर ग्रॅम चिकूच्या गरात २० ग्रॅमच्या आसपास. घोलवड-डहाणूचा चिकू दारात येतो आणि मी तो खायचा नाही, असा कायदा कोणी केलेला नाही. एक चिकू, जेवणाच्या हिशेबात धरून. भाजलेला सुका बोंबील, सुकट, अंडं यांत कर्बोदकं नावापुरतीच. तांदळाच्या भाकरीत भरपूर, पण भाकरी थापणारी वहिनी रोज सारख्याच गोळ्याची थापते, म्हणून माझा हिशेब चुकत नाही. आपल्या घरच्या वाटीत किती भात बसतो हे एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून बघायला हवं. आहाराच्या छापील तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली असते, वाल आणि पानगी नसते. आहारतज्ज्ञांनी पालघरच्या माणसाला पालघरचं ताट मोजायला शिकवावं.

उपासाचं तेवढ्यात सांगून टाकते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, तो उपास म्हणून हलका असतो हा गैरसमज आहे. आणि हरतालिकेला काही खाल्लं नाही म्हणून दिवसभराचं इन्सुलिनही घेतलं नाही, हे जिवावर बेततं. दिवसभर टिकणारं, पायाचं म्हणतात ते इन्सुलिन उपाशीपोटीही लागतंच, कारण यकृत स्वतः साखर सोडत राहतं. डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी करता येते, बंद करता येत नाही. तापात, उलट्यांतही तेच. उलटी, पोटदुखी, धाप, श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास आणि यंत्रावर मोठा आकडा असं एकत्र आलं की रक्तात आम्ल साचतंय. तेव्हा घरगुती उपाय नकोत, गाडी काढायची आणि सलाइन चढवता येईल अशा दवाखान्यात पोचायचं. रात्री कुठे जायचं ते दिवसाच ठरवून ठेवावं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. इतकी वर्षं उलटली, तरी अवघड रुग्ण सिल्वासा, वलसाड नाहीतर मुंबईला पाठवायची आपल्याकडची रीत मोडलेली नाही. टाइप वनच्या मुलाला ते अंतर परवडत नाही.

उन्हाळा आणि वीज. इन्सुलिनची न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, वापरातली साधारण महिनाभर घरात राहते, पण घर तिशीच्या आत असेल तर. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तिशी कुठली? पश्चिमेला १९६९पासून अणुवीज केंद्र चालू आहे, पूर्वेला बुलेट ट्रेनचे खांब उभे राहतायत, आणि मधल्या आमच्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर वारा सुटला की वीज तासन्‌तास जाते. फ्रिज बंद पडतो आणि आतलं दीड-दोन महिन्यांचं औषध तापतं. ज्यांच्या घरात फ्रिजच नाही त्यांच्यासाठी माठ हा उत्तम उपाय आहे आणि तो तज्ज्ञांनी तपासून पाहिलेला आहे. एका मातीच्या भांड्यात दुसरं लहान भांडं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्यावर. बाटली डब्यात घालून आतल्या भांड्यात. बाहेरच्या उष्म्यापेक्षा बरंच थंड राहतं. बर्फावर मात्र कधीही नाही. आपल्याकडे मासळीमुळे बर्फ सहज मिळतो, म्हणून कोणीतरी काळजीपोटी बाटली थर्माकोलच्या पेटीत थेट बर्फात खुपसतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, आणि बघून ते ओळखू येईलच असं नाही.

आता कामाची पाळी. तारापूरच्या कंपन्यांत फिरत्या पाळ्या असतात, या आठवड्यात दिवस, पुढच्या आठवड्यात रात्र. कोणाच्याच शरीराला ते सोसत नाही. टाइप वनच्या माणसाला पायाच्या इन्सुलिनची वेळ सांभाळावी लागते, जेवणाचं इन्सुलिन जेवणाबरोबर सरकतं, आणि पाळी बदलली की दोन दिवस जास्त मोजावं लागतं. हे जमतं. कितीतरी जण करतात. पण चोरून करतात! संडासात जाऊन टोचतात. कंत्राटदाराला कळलं तर गेट पास परत घेईल ही भीती असते. मग रिअॅक्टरच्या शेजारी उभ्या माणसाची साखर उतरते, हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, आणि सोबतच्यांना वाटतं दारू पिऊन आला. धोका त्याला आहे आणि आजूबाजूच्या सगळ्यांना आहे. सुरक्षा सप्ताहाला फलक लावणाऱ्या प्रत्येक कंपनीला माझं सांगणं आहे: तुमच्याकडे टाइप वनचा माणूस असेल तर त्याला उघडपणे मोजायला दोन मिनिटं, टोचायला एक मिनिट आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची मुभा द्या. लपवणाऱ्यापेक्षा सांगणारा कामगार सुरक्षित असतो. आणि सांगितल्याबद्दल त्याची नोकरी जाणार असेल, तर तो सांगणार नाही.

साखर उतरल्यावर काय करायचं ते सगळ्यांना पाठ असावं, कारण त्या क्षणी ज्याची उतरली त्याचं डोकं चालत नाही. आकडा सत्तरच्या खाली गेला की १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. मग बिस्किट, पोळी काहीतरी. चॉकलेट आधी देऊ नये, त्यातली चरबी साखरेला उशीर लावते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवावं आणि दवाखाना गाठावा. डहाणू लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत पालघर ते विरार उभ्याने जाताना माझी उतरली, तेव्हा एका मासळीवाल्या मावशींनी बसायला जागा करून दिली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. त्यांनी विचारलं काही नाही, मी पुडी फोडल्यावर त्यांना कळलं. त्यांच्या सुनेला ‘तसंच होतं’ म्हणाल्या. सुईचं कोणाला सांगितलेलं नाही, असंही म्हणाल्या.

सुनेचं कोणाला सांगितलेलं नाही. इथे मला थांबायचंच आहे.

मुलीला टाइप वन आहे हे आपल्याकडे लग्नापर्यंत लपवतात आणि लग्नानंतरही लपवायला लावतात. सासरी ती बाथरूममध्ये टोचते, यंत्र साड्यांच्या घडीत ठेवते, बाटली फ्रिजमध्ये ठेवायची सोय नाही म्हणून ट्रंकेत ठेवते. सगळ्यांच्या नंतर जेवते, म्हणजे इन्सुलिन घेतलं आठला आणि ताट पुढे आलं दहाला. मधे साखर उतरते, चक्कर येते, मग ‘अशक्त मुलगी दिली’. उतरू नये म्हणून ती इन्सुलिन कमी करते. कमी केलं की साखर चढते, वजन उतरतं. पाळीच्या आधीचे काही दिवस अनेकींची साखर विनाकारण चढते, तेव्हा मात्रा वाढवावी लागते, पण मोजायचीच चोरी, तर वाढवणार कशाच्या आधारावर? आणि एक दिवस तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागतं तेव्हा डॉक्टरांनाही कोणी सांगत नाही.

लपवणाऱ्या आईवडिलांचा मला राग येत नाही, त्यांना स्थळं कशी परत जातात ते माहीत असतं. राग येतो तो परत जाणाऱ्यांचा. “मुलं होतील का? मुलांना होईल का?” होतात मुलं. गर्भ राहण्याआधीच साखर आटोक्यात आणली आणि नऊ महिने नीट मोजलं तर धडधाकट होतात. आणि आनुवंशिकतेचं ऐका. आईला टाइप वन असेल तर शंभरातल्या दोन ते चार मुलांना होतो. वडिलांना असेल तर शंभरातल्या पाच ते आठ मुलांना. बापाकडून धोका जास्त, आईकडून कमी! टाइप वनच्या मुलग्याचं लग्न मात्र ‘जरा शुगर आहे, नोकरी चांगली आहे’ एवढ्यावर जमतं. ज्यांनी मुलगी नाकारताना शास्त्राचा आधार घेतला त्यांनी शास्त्र पुरतं वाचलेलं नाही.

गरीब घरात तर प्रश्न लग्नापर्यंतही पोचत नाही. पैसे अपुरे असले की आधी कोणाचं इन्सुलिन बंद होतं, हे महाराष्ट्रातल्या मुलांच्या मधुमेहाचं काम करणाऱ्यांना विचारा. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट उभा केला, तो गरीब घरच्या टाइप वन मुलांना इन्सुलिन आणि साहित्य पुरवतो आणि मुलींकडे मुद्दाम लक्ष देतो. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांचं ‘उडान’ हेच काम करतं, मुलांना टोचायला, मोजायला शिकवतं आणि एकमेकांना भेटवतं. भेटणं मोठं औषध आहे. आपल्यासारखंच दुसरं पोर पोट उघडून बिनधास्त टोचतंय हे बघितलं की मुलाची अर्धी लाज जाते. पण आपल्या जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आईने लेकराला घेऊन नागपूरला जायचं का?

आणि जव्हार-मोखाड्याचं नाव घेतलं की आणखी एक गोष्ट. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग देशाला माहीत झाला. कुपोषण तेव्हापासून बातमीत येतं आणि जातं. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या परिषदेत कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली, टाइप फाइव्ह. हाडकुळं, तरुण माणूस, साखर खूप, बघणाऱ्याला टाइप वनच वाटतो. पण त्याच्या शरीरात थोडं इन्सुलिन बनत असतं, त्याला टाइप वनच्या मात्रा दिल्या तर साखर धोकादायक उतरू शकते. आपल्या जिल्ह्यात ही तपासणी सगळ्यांत आधी सुरू व्हायला हवी.

इन्सुलिन कायमचं बंद करून देतो म्हणणाऱ्यांवर मी जास्त शाई घालवणार नाही. काढा, भस्म, बिया, पाण्यात भिजवलेली लाकडाची पेलाभर जादू. १९५४चा औषधी आणि जादूचे उपाय कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर ते एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होतं. असा फलक बोईसरच्या रस्त्यावर दिसला की फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवा. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

शाळेचं सोपं आहे, म्हणून तिथे हयगय बघवत नाही. सीबीएसईने २०१७पासून टाइप वनच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत खाऊ आणि पाणी न्यायला परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने मार्च २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना लिहिलं: मुलाला वर्गात साखर मोजू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. आयसीएमआरने जून २०२२ मध्ये टाइप वनच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद सगळे आहेत. आमच्या भागातल्या एका शाळेत मात्र पोराने वर्गात बोट टोचलं म्हणून त्याला बाहेर उभं केलं, ‘बाकीची मुलं घाबरतात’ म्हणून. मुलं घाबरत नाहीत हो. मुलांना एकदा सांगितलं की ती आकडा ओळखायच्या पैजा लावतात आणि डबा आधी त्याला देतात. घाबरतात ते मोठे.

वापरलेल्या सुयांसाठी मात्र आपल्याला दुसऱ्या कोणाची परवानगी नको. जाड प्लास्टिकची बाटली, फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या द्रावाची, त्यात सुया टाकायच्या, भरली की झाकण घट्ट लावून दवाखान्यात द्यायची. घंटागाडीवरच्या ताईंच्या हातात आपली सुई जाता कामा नये. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, तीन महिन्यांनी एचबीए१सी, आणि पावसाळ्यात चिखलातून आलं की बोटांच्या बेचक्या पुसून पाय उजेडात बघणं. एवढं झालं की आजाराला दिवसातला जास्त वेळ देऊ नये. मला शेवळांची भाजी निवडायची असते, पालघरच्या बाजारात जायचं असतं, भांडायचं असतं.

सध्या भांडण पट्ट्यांचं आहे. १ मेच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मागणार आहे आणि बेटेगाव, मान, नागझरीच्या ज्या घरांत सुई आहे त्यांनी सोबत यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात टाइप वनच्या प्रत्येक माणसाची नोंद आणि त्याला दिवसाला किमान चार पट्ट्या मोफत. शाळा आणि अंगणवाडीत एक ग्लुकोमीटर, एक ग्लुकोजचा डबा आणि तो कसा वापरायचा हे शिकलेली एक बाई किंवा गुरुजी. आणि वीज गेली तर गावातल्या लोकांचं इन्सुलिन ठेवायला आरोग्य केंद्रातल्या, विजेशिवायही थंड राहणाऱ्या फ्रिजचा एक कप्पा. लसींसाठी तशी सोय केलीच जाते, तिच्यात आमच्या चार बाटल्या बसतील. ठराव लिहून तयार आहे. त्यावर सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा रिकामी आहे. मासळीवाल्या मावशींच्या सुनेने येऊन ती भरावी असं मला फार वाटतं, पण तिला यायला जमलं नाही तरी चालेल, तिच्या नवऱ्याने यावं.